दाणा, पाणी आणि मजुरी



मी कामगार चळवळीतला माणूस आहे. या व्यासपीठावरून मी संपाविषयी, फार तर खाणीच्या इतिहासाविषयी बोलेन, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज डाळीविषयी बोलणार आहे. आहारशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही, कुठलीच पदवी नाही. पण तीस वर्षे मजुरीच्या वाटाघाटी करताना एक गोष्ट अनुभवास आली. मजुरीचा हिशेब शेवटी ताटाशी जाऊन भिडतो, आणि ताटातली पहिली आटणारी वस्तू डाळ असते. म्हणून हा विषय मी परका मानीत नाही.

निमित्त एका डब्याचे झाले. आमच्या युनियनच्या कचेरीत एका तरुण कामगाराने हिरव्या वाटाण्याचा पत्र्याचा बंद डबा आणून टेबलावर ठेवला. त्याचा भाऊ मोठ्या शहरात नोकरीस असतो, त्याने तो दिला होता. प्रश्न साधा होता: "यात ताकद असते काय? की नुसतीच शोभा?" आम्ही डबा हातात घेऊन वाचू लागलो. त्यावर दोन वजने छापलेली होती. एक, एकूण वजन ४०० ग्रॅम. दुसरे, पाणी निथळून टाकल्यावर उरणाऱ्या दाण्याचे वजन, २४० ग्रॅम. ही दोन वजने तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेली नाहीत. आजच्या व्याख्यानाचे सारे सूत्र त्यांत आहे, म्हणून डब्यापासूनच आरंभ करतो.

अन्न बंद भांड्यात उकळून टिकविण्याची युक्ती युद्धातून जन्मली. फ्रान्समधील निकोला आपेर या मिठाईवाल्याने काचेच्या बरण्यांत अन्न भरून, त्यांची तोंडे बंद करून, त्या उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत बसविली. १८१० साली फ्रेंच सरकारने त्यास १२,००० फ्रँकचे पारितोषिक दिले. त्याच वर्षी इंग्लंडात पीटर ड्युरँड याने पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले, आणि काही वर्षांतच इंग्रजी आरमाराला डबे पुरविले जाऊ लागले. अन्न का टिकते हे आपेरला ठाऊक नव्हते. जंतूंचा उलगडा पाश्चरने पुढे अर्ध्या शतकाने केला. म्हणजे रीत आधी आली आणि तिचे कारण मागाहून कळले. आपल्या स्वयंपाकघरांतही असे पुष्कळ वेळा घडले आहे, हे पुढे दिसेल.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर. डब्यातल्या वाटाण्यातील व घेवड्यातील प्रथिने, तंतू, लोह यांचे फारसे नुकसान होत नाही. क जीवनसत्त्व मात्र उष्णतेने बरेच नासते. ब गटातील जीवनसत्त्वांचा काही भाग उष्णतेने जातो आणि काही डब्यातल्या पाण्यात उतरतो. मीठ वाढते, परंतु दाणे पाण्याने धुऊन घेतले तर त्यातले बरेचसे निघून जाते. राजम्याच्या कच्च्या दाण्यात एक विषारी द्रव्य असते, ते डब्याला दिलेल्या कडक उष्णतेने निकामी होते, हा तर फायदाच. थोडक्यात, डब्यातला दाणा वाईट अन्न नव्हे. पण तो पाणी प्यायलेला दाणा असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रसिद्ध केलेल्या जुन्या कोष्टकात वाळलेल्या वाटाण्याच्या १०० ग्रॅममध्ये १९.७ ग्रॅम प्रथिने दिली आहेत, तर ताज्या हिरव्या वाटाण्यात ७.२ ग्रॅम. डब्यातले २४० ग्रॅम दाणे निथळून खाल्ले तर अंगी लागणारी प्रथिने साधारण सोळा ग्रॅम भरतील. तेवढी प्रथिने सुमारे ७० ग्रॅम तूरडाळीत, म्हणजे दोन मुठी डाळीत मिळतात. त्या तरुणाला मी म्हटले, "डबा झकास आहे. पण तुझ्या आईने दोन मुठी डाळ जास्त टाकली तर काम तेच होते."

तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "तूरडाळ कुठली, दादा? आमच्या गावाकडे अजून लाखोळीच आहे." येथून माझे खरे व्याख्यान सुरू होते.

चंद्रपूर, गडचिरोली आणि त्यांच्या उत्तरेचे भंडारा-गोंदिया हा सारा झाडीपट्टीचा मुलूख धानाचा. मालगुजारीच्या काळातले तलाव, त्याखालची बांध्यांची शेते, आणि भोवती जंगल. या मुलखात धान कापणीला येण्यापूर्वी, शेतात ओल असतानाच, उभ्या धानात लाखोळीचे बी फेकून देतात. नांगर नाही, वेगळे पाणी नाही, खत नाही. धान कापून नेले की खाली लाखोळीचा हिरवा गालिचा उरतो. या पद्धतीला उतेरा म्हणतात. कोवळ्या पाल्याची भाजी होते, पाला वाळवून ठेवतात, दाण्याची डाळ व बेसन होते, बेसनाचे वडे होतात, आणि भुसा गुरांना जातो. पाऊस कमी पडो की शेतात पाणी साचो, हे पीक तग धरते. हिंदीत तिला खेसारी म्हणतात, छत्तीसगडात तिवरा.

गुणांच्या हिशेबातही ती कमी नाही. मघाच्याच कोष्टकात लाखोळीच्या डाळीची प्रथिने १०० ग्रॅममध्ये २८.२ ग्रॅम दिली आहेत. तुरीच्या डाळीची २२.३, चण्याच्या डाळीची २०.८. म्हणजे गरिबाची सर्वांत स्वस्त डाळ प्रथिनांच्या यादीत तुरीच्या व चण्याच्या वर बसते. तांदळात लायसिन नावाचा प्रथिनांचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत मिथिओनिन कमी असते, त्याची उणीव तांदूळ काही अंशी भरून काढतो. डाळ आणि भात एका ताटात येणे यामागे हे शहाणपण आहे. शास्त्राने ते या शतकी-दीडशतकी शोधिले, आपल्या आयाबायांनी त्याआधी किती पिढ्या ते रांधले.

मग अशा या दाण्यावर आपल्या देशात बंदी का आली? त्यासाठी जरा मागे जावे लागेल.

ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी स्लीमन आपणांस ठाऊक आहे. त्याचे प्रवासवर्णन १८४४ साली प्रसिद्ध झाले. त्यात सागर जिल्ह्यातल्या एका खेड्याची हकीकत आहे. १८२९ साली गारपिटीने गहू व रब्बीची पिके बुडाली, १८३० साली पावसाने दगा दिला, १८३१ साली रोग पडला. तिन्ही वर्षे एकच पीक जोमाने उभे राहिले, ते म्हणजे तिवरा. लोकांनी तेच खाल्ले, वर्षानुवर्षे खाल्ले. १८३३ आणि १८३४ साली गावातील तरुण माणसांचे पाय एकाएकी निकामी होऊ लागले. गावातली निम्मी तरुण मुले-मुली कमरेखाली पंगू झाली, असे तो लिहितो. सागर-नर्मदेचा हा प्रदेश आणि आपला चांदा जिल्हा १८६१ साली मध्यप्रांत बनला तेव्हा एकाच कारभाराखाली आले, म्हणून ही कथा आपल्या शेजारघरचीच समजावी.

या आजाराला वैद्यकात लॅथिरिझम म्हणतात. इटलीतील कान्तानी या वैद्याने १८७३ साली हे नाव रूढ केले. पोटऱ्यांत गोळे येतात, पाय ताठ होतात, माणूस चवड्यांवर चालू लागतो, चालताना गुडघे एकमेकांवर आपटतात. आधी एक काठी लागते, मग दोन, आणि शेवटी काही जण हातांवर सरपटतात. बुद्धी शाबूत असते, हात शाबूत असतात, आयुष्यही कमी होत नाही. आणि एकदा गेलेले पाय परत येत नाहीत. रोगी बहुतेक तरुण पुरुष, म्हणजे घरातला कमावता हात.

याचे कारण १९६४ साली उघड झाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, आडिगा आणि शर्मा या संशोधकांनी लाखोळीच्या दाण्यातून मज्जातंतूंना घातक असे द्रव्य वेगळे काढून ओळखले. त्याचे संक्षिप्त नाव ओडीएपी. पुढील अभ्यासांतून आणखी दोन गोष्टी निश्चित झाल्या, त्या आपण नीट लक्षात ठेवाव्यात. पहिली, हे द्रव्य पाण्यात विरघळते. डाळ गरम पाण्यात भिजवून किंवा उकळून ते पाणी फेकून दिले तर त्याचा मोठा भाग निघून जातो. नुसते भाजून किंवा भाकरी करून तेवढे जात नाही. दुसरी, रोग होतो तो डाळ ताटातले तोंडीलावणे असताना नव्हे. ताटाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक तीच असेल आणि हे दोन-तीन महिने सलग चालेल, तेव्हा होतो. भात-गहू सोबत भरपूर असतील, तर धोका पुष्कळच उतरतो.

येथे मघाचा डबा आठवा. वाटाण्याच्या डब्यातले पाणी फेकले तर जीवनसत्त्वे वाया जातात. लाखोळीचे पाणी फेकले तर विष जाते. दोन्हीकडे प्रश्न दाण्याचा जितका आहे तितकाच पाण्याचा आहे, आणि पाणी टाकावे की प्यावे हे ठरविण्याइतकी सवड, जळण आणि दुसरे अन्न घरात आहे की नाही, याचा आहे. ज्याच्या घरी दुसरे काहीच नाही, त्याला पहिले पाणी फेकणेही चैन वाटते.

आता मजुरीकडे येतो. विसाव्या शतकाच्या मध्यास या रोगाचे मोठे अभ्यास मध्य प्रदेशातील रेवा भागात झाले. तेथे काय आढळले? शेतावर बांधलेल्या मजुरांना मजुरी पैशात मिळत नसे, धान्यात मिळे. आणि ते धान्य बहुधा खेसारी असे, किंवा खेसारी मिसळलेले असे. गहू आणि चणा मालकाचा, कारण त्याला बाजारात भाव. खेसारी मजुराची, कारण तिला भाव नाही. ज्या गड्याने शेतात गहू पिकविला, त्याच्या पायलीत गहू पडत नव्हता. म्हणून मी म्हणतो की लॅथिरिझम हा जितका दाण्याचा रोग आहे, तितकाच मजुरीचा रोग आहे. त्या दाण्यात विष होते, हे खरे. पण तो दाणा ताटातला एकमेव दाणा झाला, तो मजुरीच्या पद्धतीमुळे.

हे केवळ आपल्याकडचे म्हणून सोडून देऊ नये. १८११-१२ साली फ्रेंच फौजांच्या काळात माद्रिद शहरात भीषण दुष्काळ पडला. लोक याच दाण्याच्या पिठाची पेज पिऊन जगले. चित्रकार गोया याने त्यावर एक चित्र कोरले. त्यात भुकेले लोक पेजेभोवती बसले आहेत आणि समोर एक स्त्री जमिनीवर आडवी पडलेली आहे. त्याने चित्राला नाव दिले त्याचा अर्थ, या दाण्याचे आभार. त्या आभारांत उपहास किती आणि खरेपणा किती, हे सांगणे कठीण, कारण त्या दाण्याने माणसे जगवलीही होती. दुसरे उदाहरण याहून भयंकर. दुसऱ्या महायुद्धात रुमानियन अंमलाखाली असलेल्या, आज युक्रेनमध्ये मोडणाऱ्या वाप्निआर्का येथील छावणीत १९४२ साली ज्यू कैद्यांना रोज ४०० ग्रॅम हाच गुरांचा वाटाणा उकडून देत असत. काही आठवड्यांतच शेकडो कैद्यांचे पाय गेले. कैद्यांतच असलेले डॉक्टर आर्थर केसलर यांनी रोग ओळखला. सागरचे दुष्काळी खेडे, माद्रिदचे परक्या फौजांखालचे शहर, रेव्याचा बांधलेला मजूर, वाप्निआर्काचा कैदी. हे चार ठिकाणचे लोक भाषेने, धर्माने, काळाने निराळे. त्यांच्यात समान गोष्ट एकच: आपण काय खावे हे ठरविणे त्यांच्या हाती नव्हते.

आपल्या सरकारने काय केले? अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा. त्याखालील नियमाने १९६१ मध्ये खेसारीच्या विक्रीवर बंदी आली. हेतू चांगलाच होता. पंगू माणसे डोळ्यांसमोर होती आणि विषाचा उलगडा व्हायचा होता. अशा वेळी सरकार स्वस्थ बसले असते तर आपणच त्याला दोष दिला असता. पण बंदी विक्रीवर होती, पेरणीवर नव्हती. शिवाय काही राज्यांनी ती अमलात आणली, काहींनी आणली नाही. झाडीपट्टीतला शेतकरी पेरीतच राहिला, कारण धानानंतर त्या ओलीत विनाखर्चाचे दुसरे पीक त्याच्यापाशी नव्हते. त्याच्या मालाला उघड बाजार राहिला नाही म्हणून भाव आणखी पडला. व्यापाऱ्यांनी ती स्वस्तात उचलली आणि तुरीच्या डाळीत व चण्याच्या बेसनात मिसळली. म्हणजे बंदी असलेली डाळ शहरच्या लोकांनी भज्यांतून खाल्ली, आणि ती पिकविणाराला तिचा भाव मिळाला नाही. मजुरी धान्यात देण्याच्या रिवाजाला मात्र या बंदीचा धक्का लागला नाही. त्यासाठी १९४८ चा किमान वेतन कायदा होता. मजुरी रोखीत द्यावी असे तो सांगत असे, पण जेथे धान्यात देण्याचा रिवाज असेल तेथे सरकारला मुभा देण्याची वाटही त्यात होती. वेठबिगारी नाहीशी करणारा कायदा यायला १९७६ साल उजाडले. इंग्लंडात मजुरी मालाच्या रूपाने देण्याविरुद्धचा मोठा कायदा १८३१ सालीच झाला होता, हे येथे नमूद करणे भाग आहे.

बंदीविरुद्ध आवाजही विदर्भातूनच उठला. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षे लेखन केले, सत्याग्रह केले, उपोषणे केली. पूर्व विदर्भातील माणसे ही डाळ पिढ्यान्‌पिढ्या भाताबरोबर खात आली आहेत आणि ती चालती-फिरती आहेत, असे लाखोळीचे समर्थक सांगत. २००८ साली महाराष्ट्र सरकारने आपल्या राज्यापुरती ही बंदी मागे घेतली. इकडे शास्त्रज्ञांनी कमी विषाची वाणेही काढली. रतन, प्रतीक, महातिवरा ही त्यांतली नावे.

या वादात माझी बाजू कोणती, असे आपण विचाराल. मी दोन्ही बाजूंना थोडे थोडे देणे लागतो. लाखोळी निरुपद्रवी आहे असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. स्लीमनचे खेडे आणि वाप्निआर्काची छावणी ही काही कुणाच्या कल्पनेतली नव्हेत. दुष्काळ पुन्हा पडला आणि ताटात तेवढेच उरले, तर तोच दाणा पुन्हा पाय नेईल. किंबहुना पाण्याचा ताण पडला की दाण्यातले विष वाढते, असे आढळले आहे. म्हणजे जेव्हा ती सर्वांत जास्त खाल्ली जाते, तेव्हाच ती सर्वांत घातक असते. म्हणून कमी विषाचे बी शेतकऱ्याच्या हाती पडले पाहिजे आणि पहिले पाणी फेकण्याची रीत घरोघर सांगितली पाहिजे. पण दाण्यावर बंदी घातली म्हणजे मजुराचे पाय वाचले, हेही मला पटत नाही. ताटात दुसरा दाणा येईल तेव्हाच पाय वाचतील.

तो दुसरा दाणा यावा म्हणून कामगार चळवळीने काय केले, हे सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. जुलै १९५७ मध्ये नवी दिल्लीस पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. मालक, कामगार आणि सरकार अशा तिघांनी तेथे गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाचे सूत्र मान्य केले. एका कमावत्यामागे खाणारी तीन प्रौढ तोंडे धरावीत. प्रत्येकाचा आहार डॉ. आयक्रॉइड यांच्या शिफारशीप्रमाणे धरावा, कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा. हे आयक्रॉइड म्हणजे कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेचे १९३५ ते १९४५ या काळातील संचालक. हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादेस गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था झाली. त्यांच्या संतुलित आहाराच्या तक्त्यात प्रौढ माणसास रोज ३ औंस डाळ आहे, म्हणजे सुमारे ८५ ग्रॅम. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात या सूत्रात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण इत्यादींसाठी २५ टक्क्यांची भर घातली, पण आहाराचा पाया तोच ठेवला.

आता साधा गुणाकार करा. ८५ ग्रॅम, तीन तोंडे, तीस दिवस. महिन्याला साडेसात किलोहून अधिक डाळ होते. मी सभांतून हा प्रश्न विचारतो: "तुमच्या घरी महिन्याला किती डाळ येते?" बायका आपसांत पाहतात आणि हसतात. दोन किलो, अडीच किलो, सणाच्या महिन्यात तीन. हे उत्तर मी खाणकामगारांच्या वस्तीत ऐकले आहे, कागद गिरणीच्या कंत्राटी मजुरांत ऐकले आहे आणि तेंदूपत्ता गोळा करणाऱ्यांच्या फडीवरही ऐकले आहे. कागदावर हे सूत्र साठ-पासष्ट वर्षांहून जुने झाले. ताटात ते अजून पोहोचायचे आहे.

मजुरीतले उष्मांक नीट मोजले तर काय घडू शकते, याचे उदाहरण आपल्याच भागात आहे. रोजगार हमीच्या काळात वि. स. पागे यांच्या समितीच्या हिशेबावरून शेतमजुराचे किमान वेतन दिवसाला चार रुपये धरले गेले. तेव्हा वर्ध्याकडे काम करणारे आणि पुढे गडचिरोलीत 'सर्च' संस्था उभारणारे डॉ. अभय बंग यांनी तो हिशेब पुन्हा तपासला. मजुराला लागणाऱ्या उष्मांकांच्या मांडणीतच चुका होत्या. त्या दुरुस्त केल्यावर आकडा बारा रुपये आला. मजूर संघटनांनी तो हिशेब हाती घेतला, त्यावर लढे झाले, आणि सरकारला दर वाढवावा लागला. एका डॉक्टरने केलेल्या बेरजेने मजुराचे माप तिप्पट असायला हवे हे दाखविले. मी स्वतः आहारकोष्टके वाचायला लागलो, ती हा हिशेब वाचल्यानंतर.

आता माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या मजुरांच्या वाटाघाटीत मी होतो. पैशातली वाढ अडून बसली होती. शेवटी तोड निघाली की वाढीचा काही भाग दुपारच्या जेवणाच्या रूपाने द्यायचा: भात, पोळी, भाजी आणि डाळ. करारात मी तसे लिहून घेतले आणि विजयी मुद्रेने सही केली. पहिला महिना डाळ चांगली होती. दुसऱ्या महिन्यात पातळ झाली. चौथ्या महिन्यात वाटीच्या तळाशी दाणे मोजता येऊ लागले. मी भांडायला गेलो. कंत्राटदाराच्या माणसाने करार पुढे केला. त्यात 'डाळ' असे लिहिले होते, आणि डाळ तर मिळत होती. बाहेर आलो तेव्हा झाडू मारणाऱ्या एका वयस्क बाईंनी मला ऐकवले, "भाऊ, कागदावर डाळ हाये, ताटात पानी हाये." त्या करारात मी दरडोई कोरड्या डाळीचे वजन लिहून घेतले नव्हते. रेव्याच्या मजुराला मालकाने दिलेली पायली आणि मी लिहून घेतलेली वाटी यांत फरक होता, पण मला वाटत होता तितका नव्हता. त्या दिवसापासून जेवणाचा मुद्दा आला की मी आधी वजन लिहून घेतो, आणि शक्यतो रोख रक्कमच मागतो. शाळेतल्या पोषण आहारात सरकारने सुद्धा हेच केले आहे. प्राथमिकच्या मुलाला रोज २० ग्रॅम डाळ आणि वरच्या प्राथमिकच्या मुलाला ३० ग्रॅम, असे ग्रॅम लिहिलेले आहेत. लिहिलेले असले म्हणजे निदान विचारता तरी येते.

म्हणून त्या वाटाण्याच्या डब्याचे मला एका बाबतीत कौतुक वाटते. त्यातला माल पाण्यात बुडालेला आहे खरा, पण दाणा किती आणि पाणी किती हे त्याच्या अंगावर छापलेले आहे. मजुरीच्या पाकिटावर एकच आकडा असतो. त्यातून भाडे, औषध, शाळा, कर्जाचा हप्ता निथळून गेल्यावर ताटापर्यंत किती पोहोचते, ते कुठे छापलेले नसते. ते घरातली बाई जाणते आणि ती डाळीत पाणी वाढवून भागवते.

श्रोतेहो, आपल्यांत घरी नोकर ठेवणारे असतील, शेतावर सालदार ठेवणारे असतील, लहान कारखाना चालविणारेही असतील. आपणांस मी फार मोठे काही मागत नाही. या महिन्यात आपल्या स्वतःच्या घरात डाळ किती किलो येते, ते पाहावे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही दोन हजार उष्मांकांच्या थाळीत डाळी किंवा अंडी-मांस मिळून ८५ ग्रॅमच सांगितले आहेत, म्हणजे आयक्रॉइडचा आकडा आजही शिळा झालेला नाही. मग जो आपल्याकडे राबतो, त्याला आपण देत असलेल्या मजुरीत त्याच्या घरी किती डाळ येऊ शकेल, ते कागदावर मांडावे. हिशेब पाच मिनिटांचा आहे.

त्या तरुण कामगाराने तो डबा शेवटी कचेरीतच फोडला. आम्ही सातजण होतो. दाणे धुऊन, कांदा घालून, पोह्यांत टाकून खाल्ले. चव बरी होती. पुढच्या आठवड्यात तो गावाहून येताना पिशवीभर लाखोळीची डाळ घेऊन आला, आणि सोबत आईचा निरोप: "पहिलं पाणी फेकून द्याल म्हणावं." त्या माउलीला ओडीएपी ठाऊक नव्हते. तिच्या घरी आता भात पुरेसा असतो, म्हणून तिला पाणी फेकणे परवडते. असे पाणी फेकणे प्रत्येक घराला परवडावे, यासाठी आम्ही भांडतो.